जेनरची 'इन्क्वायरी': फिप्सच्या पलीकडे वाचताना

लसीकरणावरच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या प्रस्तावनेत तेच वाक्य असतं: १४ मे १७९६, एडवर्ड जेनर, आठ वर्षांचा जेम्स फिप्स, सेरा नेल्म्सच्या हातावरच्या काऊपॉक्सच्या फोडातली लस. मूळ पुस्तिका मात्र फार कमी जण उघडतात. ती १७९८ ची, आणि तिच्यात २३ केसेस आहेत. फिप्स त्यातला सतरावा.

सुरुवातीच्या बहुतेक केसेस एकाच साच्याच्या आहेत. अमक्याला गोठ्यात काम करताना काऊपॉक्स झाला होता, पुढे कित्येक वर्षांनी देवीचा पू टोचला, तरी देवी आल्या नाहीत. वाचायला छान वाटतं. पण मला इथेच खटकतं. या व्यक्ती निवडल्या कशा? काऊपॉक्स होऊनही ज्यांना देवी आल्या, असे किती? अशी उदाहरणं काही डॉक्टर सांगत होतेच. त्यावर जेनरचं उत्तर असं की तो 'खरा' काऊपॉक्स नव्हता. खरा-खोटा ओळखायच्या खुणा तो देतो, हे मान्य. तरीपण सिद्धान्ताविरुद्ध जाणारी प्रत्येक केस 'खोटी' ठरवायची सोय त्यात आहेच.

फिप्सला १ जुलैला देवीचा पू टोचला, काही झालं नाही. एका मुलावरून काय ठरणार? माझ्या मते पुस्तिकेचा खरा जीव १७९८ च्या वसंतातल्या केसेसमध्ये आहे. गायीच्या सडावरून विल्यम समर्सला, त्याच्या दंडावरून विल्यम पीडला, तिथून पुढे, शेवटी बार्ज नावाच्या मुलापर्यंत. म्हणजे दर वेळी गाय शोधायला नको, दंडावरून दंडावर लस चालू ठेवता येते. शिवाय बार्जला टोचलेला देवीचाच पू काऊपॉक्स न झालेल्या एकाला टोचला, त्याला रीतसर देवी आल्या. ज्याला आपण कंट्रोल म्हणतो तो हा, अगदी टोकाला, ओझरता! स्वतःच्या अकरा महिन्यांच्या मुलाला लस लागली नाही, हेही जेनरने नोंदवलंय. सगळ्यांना देवीचा पू टोचून पाहणं मात्र त्याला गरजेचं वाटलं नाही आणि सोयीचंही नव्हतं, असं तोच लिहितो.

काऊपॉक्स मुळात घोड्याच्या टाचेच्या रोगातून येतो, हे त्याचं म्हणणं लोकांनी उडवून लावलं. गंमत म्हणजे १९०२ च्या एका अमेरिकन लसीचा जीनोम २०१७ मध्ये तपासला, तर तो घोड्यांच्या देवीच्या विषाणूच्या फार जवळचा निघाला. जेनरची मांडणी त्यामुळे सिद्ध होत नाही, पण ती हास्यास्पदही राहत नाही.

फिप्सच्या लगेच पुढची, अठरावी केस जरूर वाचा. जॉन बेकर, वय पाच. घोड्याकडून संसर्ग झालेल्या नोकराच्या हातावरचा पू त्याला टोचला होता. गरीबखान्यात तापाची साथ लागल्यामुळे तो पुढच्या टोचणीला योग्य राहिला नाही, एवढंच १७९८ ची आवृत्ती सांगते. तो मुलगा त्या तापात मेला होता, हे जेनरने १७९९ च्या पुढच्या पुस्तिकेत लिहिलं.