‘३० वर्षं’ हा आकडा येतो कुठून?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सवय आत्ताच लावून घ्या. पेपर हातात आला की आधी बघायचं, यातला कुठला आकडा मोजलेला आहे आणि कुठला हिशोबाने काढलेला. आज त्यासाठी मुद्दाम एक चांगला पेपर घेतोय. वाईट पेपरला नावं ठेवणं सोपं असतं, त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

सेंद्रिय सौर सेलची कार्यक्षमता गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. २०१९ मध्ये ‘वाय-६’ हा रेणू आला आणि १५.७ टक्क्यांची नोंद झाली. अडचण टिकाऊपणाची. सिलिकॉनच्या पॅनेलला २५ वर्षांची हमी मिळते, त्यामुळे तुलना थेट तिच्याशीच होते. अशा वेळी २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये मिशिगन विद्यापीठातल्या स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटाचा पेपर आला. शीर्षकातच दावा होता: अंगभूत आयुष्य ३० वर्षांहून जास्त.

आधी यातलं चांगलं काय ते बघू. नुसता नवा रेणू बनवून त्यांनी नशीब आजमावलं नाही. सेल बिघडतो कुठे, हे शोधलं. सक्रिय थर जिथे शेजारच्या विद्युतभार वाहून नेणाऱ्या थरांना टेकतो, तिथे रेणू खराब होतात. म्हणून मध्ये पातळ संरक्षक थर घातले आणि अतिनील प्रकाश अडवणारा स्वस्त थर लावला. रोगाचं निदान आधी, औषध नंतर. हा क्रम शिकण्यासारखा आहे.

आता आकडे. एका सूर्याइतक्या कृत्रिम प्रकाशात, ५५ अंश सेल्सिअसला, १९०० तासांनंतर सुमारे ९४ टक्के कार्यक्षमता शिल्लक राहिली. हे मोजलेलं. १९०० तास म्हणजे सलग ७९ दिवस. मग ३० वर्षं कुठून आली? त्यांनी २७ सूर्यांपर्यंतच्या तीव्र प्रकाशात सेल लवकर ‘म्हातारे’ केले आणि त्यावरून ५६,००० तासांहून जास्त आयुष्य काढलं. दिवसाला साधारण ५ तास पूर्ण ऊन धरून भागाकार करा: ३० वर्षं!

इथे थांबा आणि कागदावर एक गणित करून बघा. १९०० तासांत ६ टक्के घट झाली. ती सरळ रेषेत चालू राहिली, तर २० टक्के घट साधारण ६,३०० तासांत होईल, म्हणजे साडेतीन वर्षांत. हेही न्याय्य नाही, कारण अशा सेलमध्ये सुरुवातीची घट वेगाने होते आणि मग मंदावते. पण साडेतीन आणि ३० यांच्यामधलं सगळं अंतर गृहीतकांवर उभं आहे, हे तर दिसलं ना? वक्राचा आकार, तीव्र प्रकाशाचं नेहमीच्या प्रकाशाशी नातं, तापमानाचा परिणाम: यातलं एक बदललं की वर्षं बदलतात.

माझा खरा आक्षेप ‘अंगभूत’ या शब्दाबद्दल आहे. तो शब्द प्रामाणिक आहे, शीर्षकात स्पष्ट लिहिलाय. त्याचा अर्थ, पाणी आणि हवा आत शिरणार नाही असं धरून. पण पुढे उद्धृत होताना तोच आधी गळतो आणि मागे उरतं फक्त ‘३० वर्षं’. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरचं पॅनेल सहज ६० अंशांच्या वर जातं, रात्री थंड होतं, मग पावसाळा येतो. सलग प्रकाशात ठेवलेल्या सेलला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

म्हणूनच २०११ मध्ये या क्षेत्राने ‘आयसॉस’ चाचणी-नियम ठरवले: अंधारात, प्रयोगशाळेतल्या प्रकाशात, उघड्यावर, तापमान वरखाली करून. टिकाऊपणाचा पेपर वाचताना चार गोष्टी वहीत लिहा: दिवा कुठला आणि त्यात अतिनील किरणं होती का, तापमान किती, सेल हवाबंद होता का, आणि १०० टक्के कुठल्या क्षणाला धरले. सुरुवातीची घट वगळून मोजायला घेतलं, तर कुठलाही सेल तरणाबांड दिसतो.

पेपर जरूर वाचा, आणि निदानाचा भाग दोनदा वाचा. पण प्रस्तावनेत तो उद्धृत कराल, तेव्हा ‘३० वर्षं’च्या शेजारी ‘१९०० तास’ही लिहा. एवढी जागा तुमच्याकडे नक्की असेल.