‘श्यामची आई’मधील वर्तनशिक्षण : एक चिकित्सा

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’कडे इयत्ता सहावी ते आठवीच्या मूल्यशिक्षणाचे हक्काचे साधन म्हणून पाहिले जाते. मात्र प्रसंग वाचून दाखवायचा व तात्पर्य लिहून घ्यायचे, ही रूढ पद्धती या कृतीच्या स्वरूपाशी विसंगत आहे.

या कृतीत अपेक्षित वर्तन बहुधा आधी घरातील मोठ्यांच्या कृतीतून दिसते. उपदेश नंतर येतो. ‘अळणी भाजी’ या प्रसंगात भाजीत मीठ नाही, हे वडील बोलून दाखवीत नाहीत. रांधणाऱ्याचे मन जपावे हा संस्कार त्या मौनातून घडतो. आई जेवावयास बसते तेव्हा तिला चूक उमगते व ती हळहळते. सौजन्याची ही गुंतागुंत एका ओळीच्या तात्पर्यात मावत नाही.

पोहण्याच्या भीतीने दडून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा प्रसंग अधिक अडचणीचा आहे. निवेदक त्या माराकडे मातृप्रेम म्हणून पाहतो. शिक्षकास तसे पाहता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे. या प्रसंगावर वर्गात चर्चाच व्हावयास हवी.

अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी विद्यार्थ्यांच्या खोल्या स्वतः झाडीत असत. नीटनेटकेपणाचा तो पाठ होता. सारांश, या कृतीतून घ्यावयाचे ते शिक्षकाच्या आचरणाचे उत्तरदायित्व होय; ते टाळून केलेले मूल्यशिक्षण वहीपुरतेच उरते.