सगळं रामोरिनोवर ढकलून कसं चालेल?

मॅझिनी मराठी वाचकाला नवा नाही. सावरकरांनी केलेलं त्याच्या लेखनाचं भाषांतर १९०७ साली छापलं गेलं, सरकारने त्यावर बंदीही घातली. आपल्याकडे तो आला तो असा, गुरू म्हणून. आणि गुरूच्या आठवणींची कुणी उलटतपासणी करत नाही! माझ्या प्रबंधात मात्र तेच करावं लागतंय.

प्रसंग १८३४ च्या फेब्रुवारीतला. इटालियन, पोलिश आणि काही जर्मन स्वयंसेवकांनी स्वित्झर्लंडमधून सरहद्द ओलांडून साव्हॉयमध्ये शिरायचं, असा बेत होता. साव्हॉय तेव्हा पीडमाँटच्या राजाकडे होतं. सेनापती जिरोलामो रामोरिनो, १८३१ च्या पोलिश उठावात लढलेला. झालं काय, तर पोलिश तुकडीची शस्त्रं वाटेतच काढून घेतली गेली, मुख्य तुकडी सरहद्दीलगत रेंगाळली, गावकरी काही उठले नाहीत. मॅझिनी तापाने कोसळला आणि रामोरिनोने तुकडी मोडली. दोन-तीन दिवसांत खेळ खलास.

मॅझिनी खापर फोडतो ते रामोरिनोवर: पैसे घेऊन पॅरिसमध्ये महिने काढले, मग मोहीम मुद्दाम रेंगाळवली. माणूस भरवशाचा नव्हताच, ते मलाही मान्य आहे. पण हे लिहिलंय कधी ते बघा. आत्मचरित्रात्मक टिपणं १८६० नंतरची. रामोरिनोला १८४९ मध्येच, दुसऱ्याच एका युद्धात हुकूम मोडला म्हणून, गोळ्या घातल्या होत्या. अशा माणसाची बाजू कोण घेणार?

रामोरिनोच्या दिरंगाईवर नजर खिळली की १८३३ साल मागे पडतं, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. त्या वर्षी पीडमाँटच्या सैन्यातला कट उघडकीला आला. धरपकड झाली, फाशी-गोळ्या झाल्या, मॅझिनीचा जिवलग मित्र याकोपो रुफिनी याने तुरुंगात जीव दिला. म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना आतून दार उघडणारे हात आधीच छाटले गेले होते. जेनोवात उठावासाठी थांबलेल्या गॅरिबाल्डीला पळ काढावा लागला. जूनमध्ये त्याला गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला. सेनापती वेळेवर आला असता तरी आत होतं कोण?

आणखी एक. ज्या मुलखातून इटलीची मुक्ती सुरू व्हायची होती, तिथली माणसं फ्रेंच बोलत होती. १८६० मध्ये साव्हॉय फ्रान्सला गेलंदेखील. त्या गावकऱ्यांना या उठावाबद्दल आधी कुणी काही विचारलं होतं का, हे मला मॅझिनीकडून ऐकायला आवडलं असतं.