वाट आणि वाटाड्या

जून महिना लागला कीं जळगांव-धुळ्याकडील पुस्तकांच्या दुकानांत क्रमिक पुस्तकांच्या शेजारीं गाइडांचे ढीग लागतात. मूळ कविता एका पानाची, तिचें गाइड चार पानांचें. आणि पुष्कळ मुलें कवितेच्या अगोदर गाइड वाचतात, हें कोणाही पालकास नवें नाहीं. कवितेला काय म्हणावयाचें आहे हें आधींच कळल्यावर कवितेनें सांगावयाचें असें काय उरलें, हा प्रश्न मात्र परीक्षेच्या घाईंत कोणी विचारीत नाहीं. तोच प्रश्न अगदीं निराळ्या क्षेत्रांत आम्हांस नुकताच भेटला. तें क्षेत्र संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांचें होय. आणि गाइड हा शब्द तेथेंही ह्याच अर्थानें रूढ आहे.

ह्या खेळांची जात ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो व त्या पात्रानें प्रसंगीं काय करावें तें ठरवितो. पुढें हीच रीत संगणकानें उचलली. कादंबरीचा वाचक नायकाच्या चुकीबद्दल हळहळतो; येथें चूक वाचकाची स्वतःची असते. ह्या प्रकारांतील चांगल्या लेखकांनीं एक युक्ति साधली आहे. कांहीं मार्ग ते उघड मांडतात; कांहीं मार्ग खुले ठेवतात, पण ते खुले आहेत असें सांगत नाहींत. ह्या न सांगितलेल्या निवडींतच ह्या कलेचें मर्म आहे असें आमचें मत आहे, आणि गाइडाचा खरा तंटा त्यांच्याशींच आहे.

उदाहरणादाखल टोबी फॉक्स ह्या अमेरिकन लेखकाचा ‘अंडरटेल’ हा २०१५ सालचा खेळ घेऊं. एक मूल जमिनीखालच्या राक्षसांच्या राज्यांत पडतें. टोरिएल नांवाची, शेळीसारख्या तोंडाची एक मायाळू बाई त्याला हाताशीं धरून घरीं नेते, त्याच्यासाठीं गोड पदार्थ भाजते, निजावयास खोली देते. मूल बाहेर जाऊं म्हणतें तेव्हां ती दारांत आडवी उभी राहते; कारण पूर्वीं बाहेर गेलेल्या मुलांचें काय झालें हें तिला ठाऊक आहे. जावयाचेंच असेल तर माझ्याशीं लढून आपलें सामर्थ्य दाखव, असें ती म्हणते. खेळणाऱ्यापुढें चार पर्याय असतात: लढणें, कांहीं कृति करणें, जवळची वस्तु वापरणें आणि दया दाखविणें. बोलून पाहिलें तर ती ऐकत नाहीं. एकदां-दोनदां दया दाखविली तरी कांहीं फळ दिसत नाहीं. मग इतर खेळांच्या संवयीनें मनुष्य म्हणतो, हिला थोडी जेरीस आणूं आणि मग सोडून देऊं. तो वार करीत जातो; तिची शक्ति उतरणीस लागते, आणि एक वार अकल्पित जबर बसून ती मरते.

वस्तुतः वाट होती. दया हा एकच पर्याय पुनःपुन्हां निवडीत राहिलें, तर ती अखेर हात खालीं करते. लेखकानें ह्या वाटेची खूणही ठेवली आहे: मुलाचा जीव जाण्याची वेळ आली कीं टोरिएलचे आगीचे गोळे त्याला चुकवून जाऊं लागतात. हिला आपणांस मारावयाचें नाहीं, हें ज्याला दिसलें त्याला वाट सांपडली. आम्हांला तें दिसलें नाहीं. पन्नाशी उलटलेल्या माणसानें पडद्यावरच्या चित्रासाठीं अपराधी वाटून घ्यावें हें हास्यास्पद खरें, पण वाटलें. आम्ही मागें जपून ठेवलेल्या जागेवर परतलों, ह्या खेपेस तिला सोडलें आणि समाधानानें दाराबाहेर पडलों. तेथें फ्लाउई नांवाचें एक दुष्ट फूल आमची वाट पाहत होतें. तूं तिला एकदां मारलेंस आणि पश्चात्ताप होऊन मागें आलास, हें मला ठाऊक आहे, अशा अर्थाचें तें बोललें. खेळानें आमची पुसलेली चूक लक्षांत ठेवली होती. कोणत्याही नाटकानें वा कादंबरीनें आम्हांस असें नांव घेऊन पकडलेलें आठवत नाहीं.

आमचा भाचा जळगांवीं अकरावींत शिकतो. दिवाळींत तो धुळ्यास आला असतां हाच खेळ आपण पूर्ण केल्याचें त्यानें सांगितलें. टोरिएलचें काय केलेंस, असें आम्हीं विचारलें. “मामा, मी गाइड बघूनच खेळलो. तिला मारायचं नसतं, हे मला आधीच ठाऊक होतं,” तो म्हणाला. त्याच्या हातून कोणी मेलें नाहीं. सर्वांत सुखाचा शेवट त्याला मिळाला. हिशेबानें पाहतां तो आमच्याहून सरस खेळला. परंतु दयेला मोल येतें तें तिचें फळ मिळेल कीं नाहीं हें ठाऊक नसतें म्हणून. दारांत उभ्या असलेल्या बाईचे घाव सोसत, ती कधीं थांबेल कीं नाहीं ह्याची खात्री नसतां, हात न उचलणें ही एक गोष्ट. ती इतक्या वेळा नंतर थांबते हें वाचून तितक्या वेळा बटण दाबणें ही दुसरी. भाच्याला शेवट मिळाला. त्या शेवटाची किंमत देण्याची संधि मात्र गाइडानें त्याच्याकडून काढून घेतली, आणि ती परत मिळावयाची नाहीं; कारण जें एकदां कळलें तें न कळल्यासारखें कोणास करतां येत नाहीं.

येथवर वाचून आम्ही गाइडाचे शत्रु आहों असें कोणास वाटेल. पण न्याय दोन्हीकडे पाहिला पाहिजे. ‘फायनल फँटसी’ ह्या जपानी मालेंतील २००६ चा बारावा खेळ पाहा. त्यांत झोडिॲक स्पिअर नांवाचा एक अत्यंत प्रभावी भाला आहे. खेळांत विखुरलेल्या चार विशिष्ट पेट्यांपैकीं एक जरी उघडली, तरी तो भाला मिळण्याचा सरळ मार्ग बंद होतो. आणि त्यांतील पहिली पेटी आरंभींच्याच शहरांत ठेवलेली आहे. पेटी दिसली कीं उघडावी, ही संवय खेळानेंच लाविलेली. ह्या चारच उघडूं नयेत, ह्याची खूण कोठेंही नाहीं. ह्याला निवड म्हणतां येत नाहीं. हा सापळा झाला. २०१७ च्या सुधारित आवृत्तींत ही अट उरली नाहीं, ह्यावरून कर्त्यांनाही ती खटकली असावी. त्याच मालेंतील नवव्या खेळाच्या २००० सालच्या अधिकृत गाइडाची कथा तर अधिक मौजेची आहे. पैसे देऊन घेतलेल्या त्या पुस्तकांत ठिकठिकाणीं माहितीऐवजीं एकेक सांकेतिक शब्द छापला होता. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा तेव्हां पुढचें कळावयाचें. वाटाड्यानें अर्ध्या वाटेवर आणून हात पसरावा, त्यांतलाच हा प्रकार. अशा ठिकाणीं दुसऱ्या कोणाच्या माहितीचा आधार घेणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. दिवसभर कचेरी करून रात्रीं तासभर खेळणाऱ्या गृहस्थानें तर नाहींच नाहीं द्यावा; पन्नास तासांचा खेळ एका भाल्यासाठीं पुन्हां आरंभापासून खेळण्याइतकें आयुष्य कोणाजवळ आहे?

मग योग्य किल्ली कोणती आणि अयोग्य कोणती? ह्याचें उत्तर शोधावयास आम्हांस धुळ्याबाहेर जावें लागत नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरास येथें वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें राहिलें. ज्या महानुभाव पंथाचे अनुयायी खानदेशांत आजही पुष्कळ आहेत, त्याचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकें मिटलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यांनीं त्या लिपींची किल्ली उलगडली, त्यांत राजवाडे अग्रभागीं होते. त्या किल्लीनें ग्रंथ उघडला. परंतु ‘लीळाचरित्र’ वाचावयाचें तें प्रत्येकाला आपल्याच डोळ्यांनीं वाचावें लागलें. किल्ली हातीं आल्यानें वाचन संपलें नाहीं, तेथून तें सुरू झालें. गाइडाची परीक्षा आम्ही ह्याच कसोटीनें करूं. जें कुलूप काढून बाजूस होतें तें चांगलें. जें आंत काय आहे तें सांगून दारच उघडण्याची गरज उरूं देत नाहीं तें वाईट. आणि लेखकाची परीक्षा अशी, कीं त्यानें गुप्त वाटेवर एखादी तरी खूण ठेवली आहे काय. खूण असेल तर खेळणाऱ्यानें आधीं स्वतः शोधावी, चुकावें, आणि मग खुशाल गाइड उघडावें. मूळ वाचून झाल्यावर टीका वाचावी तसें. त्या वेळीं तें आपल्या चुकीचा अर्थही उलगडून दाखवितें.

परत जाण्याच्या आदल्या रात्रीं भाच्यानें आम्हांस विचारलें, “मामा, ती मेली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?” आम्हीं सांगितलें, पण सांगतांना तें निसटत होतें, हें आम्हां दोघांनाही समजलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. पुढचा खेळ दोघांनीं एकाच वेळीं सुरू करावयाचा आणि शेवट होईपर्यंत गाइडाला शिवावयाचें नाहीं, असें आमचें ठरलें आहे. त्याच्या मराठीच्या पुस्तकांतील कवितांनाही तोच नियम लावूं, असें आम्ही म्हटलें. त्यास मात्र त्यानें अजून होकार दिलेला नाहीं.