प्रत्येकाला तीच क्रिया : बॅकस यांच्या व्याख्यानाचे पुनर्वाचन

फोरट्रान ही संगणकभाषा १९५७ मध्ये आय.बी.एम. ७०४ या यंत्रासाठी तयार झाली. ती घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते जॉन बॅकस (१९२४–२००७). त्यांना १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी फोरट्रानसकट तिच्या घराण्यातील सर्वच भाषांवर टीका केली. हे व्याख्यान १९७८ मध्ये छापून आले. संगणक शिकवणाऱ्याने ते अवश्य वाचावे. मात्र त्यातील प्रत्येक दावा पारखून घ्यावा.

बॅकस यांची मुख्य तक्रार अशी : यंत्रात स्मृती आणि गणन-विभाग यांच्यामध्ये एका वेळी एकच शब्द ये-जा करू शकतो. ही यंत्राची अडचण. पण भाषांनी तीच आपल्या विचाराची सवय करून टाकली.

किराणा दुकानाचे बिल घ्या. नग ३, २, ४ आणि दर १२, ४०, २५ रुपये. नेहमीच्या पद्धतीत आपण बेरीज शून्य धरतो, क्रमांक १ धरतो, एकेक गुणाकार करून बेरजेत मिळवतो आणि क्रमांक वाढवतो. बॅकस यांच्या पद्धतीत तीनच गोष्टी सांगायच्या : नग व दर यांच्या जोड्या लावा, प्रत्येक जोडीला गुणाकार लावा, आलेल्या ३६, ८०, १०० यांची बेरीज करा. उत्तर २१६. क्रमांक नाही, चक्र नाही.

यातील मधली पायरी महत्त्वाची. 'सर्वांना लावा' हे एखादे फल (फंक्शन) घेऊन नवे फल देते. हे नवे फल पूर्ण यादीवर चालते. ही कल्पना बॅकस यांची एकट्याची नव्हे. मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेवरील १९६० च्या निबंधात तिचे भावंड सापडते, आणि लिस्प व ए.पी.एल. या भाषांचे ऋण बॅकस मान्य करतात. त्यांचे स्वतःचे देणे म्हणजे बीजगणित. उदा., यादीतील प्रत्येकाला आधी एक फल लावले आणि मग पुन्हा प्रत्येकाला दुसरे लावले, किंवा दोन्ही फले जोडून एकदाच लावली, तरी उत्तर तेच येते. सर्व गुणांची आधी टक्केवारी व नंतर श्रेणी काढा, किंवा एकेका विद्यार्थ्याची दोन्ही कामे एका फेरीत उरका. प्रोग्राम न चालवता, केवळ नियमाने, तो बदलता येतो. व्याख्यानाचे खरे मोल येथे आहे.

आता उणिवा. पहिली, वाचनीयतेची. चलांची नावे टाळल्यामुळे मॅट्रिक्सच्या गुणाकाराची व्याख्या एका ओळीत मावते, पण ती ओळ उजवीकडून डावीकडे उलगडताना जाणकारही अडखळतो. थोडक्यात लिहिलेले सोपे असतेच असे नाही.

दुसरी उणीव मर्यादेची. बँकेच्या पासबुकातील प्रत्येक ओळीची शिल्लक आधीच्या ओळीवर अवलंबून असते. तेथे प्रत्येक ओळीकडे स्वतंत्रपणे पाहून चालत नाही. बॅकस यांच्या मूळ पद्धतीत फले जोडण्याचे प्रकार ठरावीक आहेत आणि तिच्यात राहून नवा प्रकार बनवता येत नाही. मागचा इतिहास लक्षात ठेवण्यासाठी त्यांना वेगळी रचना जोडावी लागते, आणि ती उर्वरित लेखाइतकी सुबक नाही. डायक्स्ट्रा यांनी १९७८ मध्येच या व्याख्यानावर लिहिताना, कामाचे महत्त्व फार वाढवून सांगितले आहे, असा आक्षेप घेतला होता. तो अगदीच चुकीचा नव्हता.

तरीही कल्पना टिकली. २००४ मध्ये डीन व घेमावत यांनी गूगलमधील 'मॅपरिड्यूस' पद्धत मांडली, तेव्हा तिची प्रेरणा लिस्प व इतर फल-आधारित भाषांतील याच क्रियांकडे असल्याचे त्यांनी नमूद केले. कारण साधे आहे : प्रत्येक उत्तर स्वतंत्र असेल, तर काम हजारो यंत्रांत वाटता येते.

हे 'स्वतंत्र असेल तर' वर्गात ठसवायला हवे, आणि त्यासाठी आपल्या हाताशी उत्तम उदाहरण आहे. चाळीस उत्तरपत्रिका चार शिक्षकांत वाटल्या, कोणत्याही क्रमाने तपासल्या, तरी गुण तेच यायला हवेत. पण एखादी उत्कृष्ट उत्तरपत्रिका वाचल्यावर पुढच्या मुलाला आपण नकळत कमी गुण दिले, तर आपली तपासणी शुद्ध फल राहिली नाही. क्रम बदलला की निकाल बदलेल. म्हणून चक्र शिकवण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न विचारावा : याचे उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे का? बॅकस यांची चिन्हे विसरली तरी चालेल; हा प्रश्न विसरता कामा नये.