नळीतली नळी

पोलादाची चौकोनी नळी. बाहेरून अडीच इंच, आतून दोन, म्हणजे भिंत पाव इंचाची. एका टोकाला बाहेर आलेली कड, दोन्ही अंगांनी आरपार भोक, वर काळा रंग. अमेरिकेत शेतीसामानाच्या दुकानात ही नळी ट्रेलर ज्यावर बसतो त्या चकचकीत क्रोमच्या बॉलशेजारी टांगलेली असते आणि गिऱ्हाइकाचं लक्ष बॉलकडेच जातं. ट्रेलर ओढण्याच्या साऱ्या सरंजामात मला सर्वांत देखणी वाटते ती ही नळी. तिला रिड्यूसर स्लीव्ह म्हणतात.

तिची गरज का पडते ते आधी सांगतो. पिकअपच्या मागच्या बंपरखाली चौकोनी तोंडाचा रिसीव्हर असतो. फोर्ड एफ-१५० सारख्या गाडीला तो दोन इंची. सुपर ड्यूटीसारखी दणकट गाडी घेतली की अडीच किंवा तीन इंची. घरात मात्र रिसीव्हरमध्ये घालायचे जुने दोन इंची दांडे पडलेले असतात: एक बोटीच्या ट्रेलरचा, एक सायकलच्या रॅकचा. नवी गाडी दारात आली म्हणून ते भंगारात घालायचे का? नळी सरकवा, दांडा आत घाला, काम झालं.

आता ती कड बघा. नळी आत किती जावी हे ती ठरवते. रिसीव्हरच्या तोंडाशी ती टेकली की तिन्ही थरांची भोकं एका रेषेत येतात आणि पाच अष्टमांश इंचाची एकच पिन सगळ्यांतून पार होते. गाडीची ओढ जाते पिनेतून, ट्रेलरच्या नाकाचं वजन जातं नळीच्या भिंतीतून. हे वजन थोडंथोडकं नसतं. एकूण भाराच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर पडावा असा रिवाज आहे. एवढा भार पेलूनही नळी बॉलला होता त्याच जागी ठेवते. एक्स्टेंशन नावाचा तिचा लांबट चुलतभाऊ नेमकं याच्या उलट करतो. तो बॉल फूट-दीड फूट मागे ढकलतो, तेवढीच तरफ वाढते, गाडीचं ढुंगण बसतं आणि पुढच्या चाकांवरचं वजन उतरतं. म्हणून एक्स्टेंशन लावलं की हिचची, म्हणजे गाडीमागच्या जोडणीची, क्षमता निम्म्यावर धरा, असं बरेच उत्पादक सांगतात.

नळीत खोट नाही असं नाही. एका सांध्याचे दोन सांधे झाले, म्हणून खडखडाट वाढतो. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीची पिन ढिलीच असते आणि ट्रॅक्टरच्या चालीला तो खुळखुळ खपूनही जातो. ताशी साठ मैलांवर, रिकामा ट्रेलर मागे असताना, तोच आवाज डोकं उठवतो. त्यावर यू-बोल्टचा आवळपट्टा मिळतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथं नळी काढून ठेवली नाही तर ती गंजून रिसीव्हरला कायमची चिकटते आणि मग हातोडा घेऊन गाडीखाली शिरावं लागतं.

नळी हाही एक अडॅप्टरच, पण दुसरे अडॅप्टर इतके सरळ नाहीत. फिफ्थ-व्हील कॅम्परच्या, म्हणजे हौद्यावर टेकणाऱ्या फिरत्या घराच्या, खाली दोन इंची किंगपिन असते. तिच्यासाठी गाडीच्या हौद्यात जड हिच बसवावं लागतं, आणि ते अर्धा हौदा खातं. गूजनेक पद्धतीच्या जोडणीला हौद्याच्या तळात २ ५/१६ इंचाचा एक बॉल पुरतो. तेव्हा किंगपिनला एक उभं नळकांडं जोडायचं, त्याच्या खालच्या टोकाला बॉल पकडणारा कप्लर, आणि कॅम्पर थेट त्या बॉलवर. कल्पना झकास आहे, पहिल्यांदा पाहून मीही दाद दिली. पण ओढ आता किंगपिनपाशी न लागता बऱ्याच खाली, नळकांड्याच्या टोकाला लागते. ब्रेक मारला, गाडी सुटली, की प्रत्येक झटका तेवढ्या लांबीनं गुणला जाऊन कॅम्परच्या सांगाड्यावर आदळतो. काही कंपन्या असा अडॅप्टर लावल्यास सांगाड्याची वॉरंटी नाकारतात, ती उगाच नव्हे.

विजेच्या सातपिनी सॉकेटात चारपिनी प्लग बसवणारा अडॅप्टर सर्वांत साळसूद. खिशात मावतो, टक्कन बसतो, मागचे दिवे लागतात, इंडिकेटर मिचकावतो. मात्र चारांत ब्रेकची तार नसते. विजेचे ब्रेक असलेला ट्रेलर त्यावर जोडला तर तो नुसता ढकलत येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत.

आणि बॉल? तिथं अडॅप्टरच्या नादी लागूच नये. १ ७/८, २ आणि २ ५/१६ अशी तीन मापं चालतात. २ ५/१६ च्या कप्लरमध्ये दोन इंची बॉलही शिरतो, खटका पडतो, सगळं जोडल्यासारखं दिसतं, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्याला कप्लर उडतो. युरोपातला बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकेतला दोन इंची म्हणजे ५०.८ चा, हा ०.८ मिलिमीटरचा फरकसुद्धा चालत नाही. खात्री करायची सोपी रीत आहे. खटका पाडल्यावर ट्रेलरच्या नाकाखालचा जॅक फिरवा. गाडीचं मागलं अंगही त्याबरोबर वर उठलं तर पकड खरी. मग साखळ्या कप्लरखालून एकमेकींवर फुलीसारख्या लावा. नाक निसटलंच तर ते जमिनीत न रुतता त्या फुलीत पडतं.

अडॅप्टर माप जुळवतो, ताकद वाढवत नाही. रिसीव्हर, नळी, दांडा, बॉल, कप्लर या सगळ्यांवर आपापला आकडा असतो आणि त्यातला सर्वांत लहान आकडा हीच तुमची क्षमता. नळी घ्या, बिनधास्त घ्या. फक्त तिच्यावर पौंडांचा आकडा छापलेला नसेल तर ती परत खुंटीला टांगा.