‘समान आकार’ म्हणजे नेमके काय समान?

उत्तरपत्रिका तपासताना आमच्यापुढे एकदा एक उत्तर आले. प्रश्न सोपा होता : ‘कोणतेही दोन समभुज त्रिकोण समरूप असतात काय? कारण द्या.’ मुलीने लिहिले होते, ‘नाही. एकाची बाजू ३ सेंमी आणि दुसऱ्याची ६ सेंमी असेल तर त्यांचा आकार समान नसतो.’ आम्ही लाल रेघ मारली आणि पुढे गेलो. पेपर परत देताना तिने वही उघडून दाखवली. आम्हीच फळ्यावर लिहून दिलेले वाक्य तिथे होते : ‘समान आकाराच्या आकृत्यांना समरूप आकृत्या म्हणतात.’ व्याख्या तिने चोख वापरली होती. फसवी होती ती व्याख्याच.

दोष ‘आकार’ या शब्दाचा आहे. ‘पृथ्वीचा आकार गोल आहे’ असे आपण भूगोलात सांगतो आणि ‘मोठ्या आकाराचे बटाटे निवडून घे’ असे बाजारात सांगतो. पहिल्या वाक्यात घडण आहे, दुसऱ्यात माप. एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि रोजच्या बोलण्यात त्यावाचून काही अडत नाही. भूमितीत मात्र समरूपतेचे सारे प्रकरण या दोन गोष्टी वेगळ्या करण्यावरच उभे आहे. तिथे ‘समान आकार’ म्हणून थांबणे म्हणजे मुलांना दुहेरी रस्त्यावर सोडून देणे. ‘आकारमान’ हा शब्द सोबत दिला तर थोडे सावरते, पण तो घनफळाच्या अर्थानेही येतो आणि नवा घोळ होतो.

पारिभाषिक शब्दही फारशी मदत करत नाहीत. ‘समरूप’ आणि ‘एकरूप’ या दोन्हींत ‘रूप’ आहे. माप कशात सुटते आणि कशात धरलेले असते, हे शब्दावरून कळायला मार्ग नाही. बोलीभाषेत तर भक्त देवाशी एकरूप होतो, दूध आणि साखर एकरूप होतात. त्यामुळे दोन वेगवेगळे त्रिकोण एकरूप कसे, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याला हसू नये. हे शब्द आता रुळले आहेत. ते बदला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांची ओळख करून देताना घरातले दोन शब्द हाताशी आहेत : घाट आणि माप. कुंभार, तांबट भांड्याचा ‘घाट’ म्हणतात तो हाच. घाट एक, माप वाटेल ते, अशा आकृत्या समरूप. घाट एक आणि मापही एक, अशा आकृत्या एकरूप. ‘एकरूप आकृत्या समरूप असतात का?’ या प्रश्नावर अर्धा वर्ग ‘नाही’ म्हणतो. घाट-माप सांगितल्यावर उत्तर मुलेच देतात.

आता ‘सारखा’ या शब्दाकडे वळू, कारण मुले मनात भाषांतर करतात ते याच शब्दात. हा शब्द संस्कृत ‘सदृक्ष’पासून आला, त्यात ‘दिसणे’ दडलेले आहे. म्हणून तो सैल आहे. नात आजीसारखी दिसते असे आपण म्हणतो, आजी नातीसारखी दिसते असे सहसा म्हणत नाही. भूमितीतल्या समरूपतेला अशी दिशा नसते. पहिला त्रिकोण दुसऱ्याशी समरूप तर दुसराही पहिल्याशी. शिवाय, एक रंगछटा शेजारच्या छटेसारखी, ती तिच्या शेजारच्या छटेसारखी, असे करत गेलो तर हिरव्यापासून निळ्यापर्यंत पोचतो, आणि हिरवा काही निळ्यासारखा नसतो. समरूपतेच्या साखळीत अशी घसरण होत नाही. पहिली आकृती दुसरीशी आणि दुसरी तिसरीशी समरूप असेल, तर पहिली तिसरीशी असतेच.

डोळ्याला ‘सारखे दिसते’ यावर विसंबू नये, हे दाखवायला एक कागद पुरतो. ए-४ कागद २९७ मिमी लांब आणि २१० मिमी रुंद असतो. तो लांबीच्या मध्यावर दुमडून कापला की २१० गुणिले १४८.५ मिमीचा अर्धा मिळतो. दोन्हींत लांबी-रुंदीचे गुणोत्तर सुमारे १.४१४ येते, म्हणजे २ चे वर्गमूळ. अर्धा कागद पूर्ण कागदाशी समरूप निघतो. लहान कागद मोठ्यावर एका कोपऱ्यात नीट जुळवून ठेवा, दोघांचे कर्ण एकाच रेषेवर येतात. हेच वहीच्या पानाबाबत करून पाहा. बहुधा जमत नाही. दोन्ही ठिकाणी सगळे कोन ९० अंशांचेच आहेत. कोन समान असले की काम भागते ही सवलत फक्त त्रिकोणांना आहे. चौरस आणि लांबट आयत यांचे कोन समान असूनही ते समरूप नाहीत. ‘कोकोको’ पाठ असलेल्या मुलांना हे कळल्यावर धक्का बसतो, आणि तो बसावाच.

उलट बाजूची चूक आम्हाला अधिक गंभीर वाटते : घाट एक आहे म्हणजे सगळेच एक, असे धरून चालणे. वर्गात विचारा, १ लिटरच्या पातेल्याची आतली सगळी मापे दुप्पट केली तर पाणी किती मावेल? ‘२ लिटर’ हे उत्तर हमखास येते. खरे उत्तर ८ लिटर. पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा हाडांबाबत मांडला. प्राणी त्याच घाटात मोठा केला तर वजन घनाच्या पटीत वाढते, हाडाचा छेद वर्गाच्या पटीत; हाड तो भार पेलू शकत नाही. म्हणून हत्तीची हाडे हरणाच्या हाडांच्या मानाने जाड असतात. हत्ती हे मोठे केलेले हरीण नव्हे, हे भूमितीच्या तासाला सांगायला काय हरकत आहे? आपल्याकडे ते जीवशास्त्राच्या तासालाही फारसे सांगितले जात नाही.

त्या मुलीचे गुण आम्ही दुसऱ्या दिवशी दिले. वर्गातल्या सगळ्यांनी वहीतले ते वाक्य खोडून नवे लिहिले : ‘घाट तोच, माप कोणतेही, संगत कोन समान आणि संगत बाजू एकाच प्रमाणात.’ तिने मात्र जुने वाक्य तसेच ठेवून पुढे कंसात लिहिले होते, ‘आकार म्हणजे कोणता?’